मरळीला विचारून बघा

धाराशिव जिल्ह्यात हवेच्या प्रदूषणाचा विषय काढला की समोरचा माणूस आधी हसतो, मग ठरलेलं वाक्य टाकतो, "आपल्याकडं कुठं हायेत कारखाने? हवा एकदम शुद्ध." हे वाक्य चहाच्या टपरीवर ऐकू येतं, बैठकांमध्ये ऐकू येतं, पर्यावरणाचा पेपर शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या तोंडूनही ऐकू येतं, आणि ते म्हणताना चेहऱ्यावर विलक्षण समाधान असतं. निती आयोगाने २०१८ मध्ये जिल्ह्याला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत बसवलं, पोरं पुण्याला गेली, तुळजापूरच्या रेल्वेची वाट बघता बघता एक पिढी म्हातारी झाली. पण हवा तरी चोख मिळाली! मागासपणाची नुकसानभरपाई परस्पर खात्यावर जमा झाल्याचा हा आनंद आहे.

हवेबद्दलचं हे समाधान पुढे माशांपर्यंत पोचतं. माकणीचं निम्न तेरणा, परांड्याकडचं सीना-कोळेगाव, नळदुर्गजवळचं बोरी धरण, शिवाय गावोगावचे साठवण तलाव आणि पाझर तलाव. इथला मासा म्हणे अस्सल गावरान. उजनीत पुण्याचं सांडपाणी येतं, समुद्रात मुंबईची घाण जाते; आमच्या तलावात येतं ते फक्त पावसाचं पाणी. मग तपासायचं काय? आणि तपासायचं म्हटलं तर पैसा कुठे आहे? मासे खातं कोण? प्यायच्या पाण्याचे वांधे असताना माशाच्या अंगातलं विष शोधण्याची चैन कुणाला परवडते? उगाच बोभाटा केला आणि भोई समाजाच्या पोटावर पाय आला, तर जबाबदार कोण? एवढं सगळं एका दमात ऐकवून शेवटी हुकमाचं पान टाकतात, "एक तरी मासा मेलेला दाखवा."

यातलं मी काही तिखटमीठ लावून सांगितलेलं नाही. विरोधी बाजू जितकी तगडी आहे तितकीच मांडली आहे. आता तिच्याकडे जरा नीट बघू.

"कारखाने नाहीत" हे जिल्ह्याच्या हद्दीपुरतंसुद्धा अर्धंच खरं. ढोकीपासून परांड्यापर्यंत साखर कारखान्यांच्या चिमण्या आहेत, आणि गाळप हंगामात त्यांच्या आसपासच्या गावांत वाळत घातलेल्या कपड्यांवर बगॅसच्या काजळीचे काळे ठिपके पडतात. पण ते तूर्त बाजूला ठेवू. नकाशा उघडा. दक्षिणेला, सोलापूरच्या पलीकडे, फताटेवाडी-आहेरवाडीच्या माळावर एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे. ६६० मेगावॉटचे दोन संच, एक २०१७ मध्ये सुरू झाला आणि दुसरा २०१९ मध्ये. ईशान्येला परळीचं औष्णिक केंद्र आहे, सत्तरच्या दशकापासून कोळसा जाळत आलेलं. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यात उलटा, ईशान्येकडून आणि पूर्वेकडून. हे सातवीच्या भूगोलात आहे, त्यासाठी शास्त्रज्ञ लागत नाही. पावसाळ्यात सोलापूरकडची हवा नळदुर्ग-तुळजापूरकडे सरकते आणि थंडीत परळीकडची हवा कळंब-धाराशिवकडे. दोन औष्णिक केंद्रांच्या मधोमध बसून, वर्षातले दोन्ही वारे अंगावर घेत, आपण म्हणतो आमच्याकडे कारखाने नाहीत. चिमणी दुसऱ्याच्या जिल्ह्यात असली म्हणजे धूरही तिथेच थांबतो, हे भूगोलाच्या कुठल्या पुस्तकात आहे?

आणि चिमणी उंच का असते, याचा तरी कधी विचार केलाय? ५०० मेगावॉट आणि त्यापुढच्या संचांना नियमानेच २७५ मीटर उंचीची चिमणी लागत आली. कुतुबमिनार एकावर एक असे जवळजवळ चार. एवढी उंची कशासाठी? शेजारच्या गावावर पडू नये म्हणून. छान. पण शेजारी जे पडत नाही ते नाहीसं होत नाही, ते लांब जाऊन पडतं, आणि लांब म्हणजे आपण. आपल्याकडे चिमणीच्या उंचीवर वाद होतो तो भलत्याच कारणाने. सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीज प्रकल्पाची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या, मोर्चे निघाले, सगळा महाराष्ट्र बघत होता. मुद्दा काय होता? विमानांना अडथळा. विमान जिथून उडतं त्या हवेची एवढी काळजी घेणाऱ्या आपल्या लोकांना, तीच हवा खाली उतरून कुठे जाते, हा प्रश्न कधी पडला नाही.

आता कोळशात काय असतं ते बघू. राख दिसते, गंधक वासाने कळतं. पारा ना दिसतो ना वास देतो. कोळशात तो अगदी थोडा, टनामागे ग्रॅमच्या दशांशांत मोजावा इतकाच. "बघा, नगण्य!" थांबा. १३२० मेगावॉटचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला पंधरा-वीस हजार टनांच्या घरात कोळसा जळतो. गुणाकार करा, उत्तर किलोंमध्ये येतं, आणि ते रोजचं. भट्टीच्या उष्णतेत कोळशातल्या बहुतेक पाऱ्याची वाफ होते. थोडा राखेला चिकटून अडकतो, बाकीचा चिमणीतून वर जातो. त्यातला काही भाग महिनोन् महिने हवेत तरंगत पृथ्वीला चकरा मारतो. पण दुसरा भाग पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असतो, आणि तो पावसाबरोबर त्याच टापूत खाली उतरतो. म्हणजे ज्या पावसाच्या पाण्याचा दाखला देऊन तलावाला शुद्धतेचं प्रमाणपत्र दिलं जातं, तोच पाऊस हवेतला पारा धुऊन तलावात आणून सोडतो.

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने औष्णिक प्रकल्पांसाठी नवे निकष काढले, त्यात पहिल्यांदा पाऱ्यालाही मर्यादा घातली, घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅम. कागदावर उत्तम. पण ही मर्यादा चिमणीच्या तोंडापर्यंतची. तिथून पुढे तो पारा कुठल्या शेतात, कुठल्या तलावात आणि कुणाच्या ताटात उतरला, याचा हिशेब त्या निकषात नाही. याच निकषांतली गंधकवायू धुण्याची जी यंत्रणा होती, तिच्या मुदती आधी वर्षानुवर्षं पुढे ढकलल्या, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक संचांना ती बसवण्यातूनच सूट देऊन टाकली. कारण काय दिलं? भारतीय कोळशात गंधक कमी, आणि सभोवतालच्या हवेत गंधकवायू मर्यादेतच आहे. बरं, गंधकाचं मान्य करू. पण ती यंत्रणा धूर धुताना पाण्यात विरघळणारा पाराही धुऊन काढते, त्याचं काय? त्या पाऱ्याचा हिशेब कुणी केला?

इथे शुद्ध हवेचे वकील मोबाइल पुढे करतात. "हा बघा हवेचा निर्देशांक. हिरवा!" हा निर्देशांक आठ घटकांवर काढतात. धुळीचे दोन प्रकार, नायट्रोजन डायऑक्साइड, गंधकवायू, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. पारा त्यात नाही. देशाच्या हवेची राष्ट्रीय मानकं २००९ मध्ये ठरली, त्यात बारा घटक आहेत. आर्सेनिक आहे, निकेल आहे, बेन्झीन आहे. पारा तिथेही नाही. म्हणजे हवेत पारा कितीही असला तरी हा हिरवा रंग हिरवाच राहणार. जे मोजलंच जात नाही ते शून्य धरायचं, आणि मग शून्य आहे म्हणून मोजायची गरज नाही म्हणायचं. या युक्तिवादाला कुठूनही तोंड फुटत नाही, कारण तो गोल आहे.

आणखी एक गंमत. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातली डझनभराहून जास्त शहरं आली, आणि त्यात सोलापूरही आहे, लातूरही आहे. धाराशिव नाही. सोलापूरची हवा खराब, लातूरची हवा खराब, आणि त्या दोघांच्या मध्ये असलेल्या धाराशिवची शुद्ध! वारा तामलवाडीच्या टोलनाक्यावर पावती फाडून परत फिरतो असं समजायचं का?

धूर बाहेरूनच येतो असंही नाही. प्रत्येक गावाबाहेरचा उकिरडा आता शेणाचा राहिलेला नाही, प्लास्टिकचा झालाय, आणि संध्याकाळी तो पेटवला जातो. अशा आगीत डायऑक्सिनं तयार होतात, ती चरबीत साठतात, मग ती चरबी माशाची असो वा म्हशीची. उसाचं पाचट जळतं. सोयाबीनवर फवारे चालतात, आणि त्यातली सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड माशांना किती घातक आहेत हे बाटलीच्या लेबलावरच छापलेलं असतं, वाचायचं तर. तलावाच्या काठापर्यंत पेरा असताना वाऱ्याच्या दिवशी फवारलेलं औषध बांधावर थांबत नाही. (भूमच्या खव्याच्या भट्ट्यांबद्दल मात्र मी काही बोलणार नाही. तिथल्या पेढ्याचा मी जुना गिऱ्हाईक आहे.)

"हवेतून मासा विषारी होतो हे ऐकलं नाही बुवा कधी." ऐकलं नसेल, पण ते पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर सुपीरियर नावाचं समुद्राएवढं सरोवर आहे. त्यात आयल रॉयल नावाचं बेट आहे, ते राष्ट्रीय उद्यान. तिथे कारखाने नाहीत, शेती नाही. त्या बेटाच्या पोटात सिस्किविट नावाचा तलाव आहे. म्हणजे सरोवरातल्या बेटावरचा तलाव. याच्याइतका 'आमच्याकडे कारखाने नाहीत' म्हणायचा हक्क जगात कुणाला नसेल. १९७० च्या दशकात तिथल्या माशांत पीसीबी नावाची औद्योगिक रसायनं सापडली. पुढे टॉक्साफेन सापडलं, आणि हे टॉक्साफेन होतं कुठलं? अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसावर मारायचं कीटकनाशक. हजारो किलोमीटरवर कापूस फवारला आणि ते विष उत्तरेतल्या एका निर्मनुष्य बेटावरच्या माशात उतरलं. ओढा नाही, नाला नाही, गटार नाही. वाटच एक होती, हवेची. या दोन देशांनी मग १९९० मध्ये सरोवरांच्या काठाने हवा आणि पाऊस तपासणारी केंद्रांची संयुक्त साखळीच उभारली. कापूस आपणही पिकवतो, बरं का. फवारतोही.

परदेशातलं नको म्हणत असाल तर आपल्या देशातलं घ्या. तामिळनाडूतल्या कोडाईकनालला थर्मामीटरचा कारखाना होता, १९८० च्या दशकात अमेरिकेतून उचलून आणलेला, पुढे हिंदुस्थान लिव्हरकडे आलेला. पाऱ्याने माखलेल्या काचा भंगारात सापडल्यावर लोक रस्त्यावर आले आणि २००१ मध्ये तो बंद पडला. त्यानंतर अणुऊर्जा विभागाच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी काय केलं? आधी झाडांवरचं शेवाळ आणि दगडफूल तपासलं. शेवाळाला जमिनीतून अन्न घेणारी मुळं नसतात, ते हवेतून येईल ते शोषतं. म्हणून शेवाळातला पारा म्हणजे हवेतला पारा. मग त्यांनी कोडाईच्या तलावाचं पाणी, गाळ आणि मासे तपासले, आणि लांबच्या बेरिजम व कुक्कल या तलावांशी ताडून पाहिलं. कोडाईच्या पाण्यात आणि गाळात पारा जास्त, लांबच्या तलावांत कमी, आणि कोडाईच्या माशांतही पारा. २००६ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला, तलाव कारखान्यातून निसटलेल्या पाऱ्याने दूषित झाला आहे. त्या तलावात तेव्हाही पर्यटक होड्या वल्हवत होते. थंड हवेचं ठिकाण होतं ना ते! हवेसाठीच तर लोक जात होते.

आता "मेलेला मासा दाखवा"कडे येऊ. हा प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं विष म्हणजे पोटॅशियम सायनाइड. तलावात रात्रीतून मासे तरंगले तर बहुतेक वेळा कारण ऑक्सिजन संपल्याचं असतं, हे मलाही मान्य आहे. पारा मासा मारत नाही, तो माशात राहतो, आणि मासा मस्त गुटगुटीत वाढतो. तलावाच्या तळाशी, जिथे ऑक्सिजन नसतो अशा गाळात, काही जिवाणू पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तो शेवाळात जातो, शेवाळातून बारीक किड्यांत, किड्यांतून छोट्या माशांत, छोट्यांतून मोठ्या माशांत. प्रत्येक पायरीला वाढत जातो. सगळ्यात वरच्या माशात तो पाण्याच्या तुलनेत लाखो पटींनी भरतो. पाणी तपासलं तर यंत्राला धड सापडत नाही, माशात मात्र असतो. जपानच्या मिनामाताला १९५६ मध्ये रोग उघडकीला आला तेव्हा तिथले कोळी जो मासा खात होते तो दिसायला ताजा, चवीला उत्तम होता. तिथे पारा कारखान्याच्या सांडपाण्यातून आला, हवेतून नव्हे, हे खरं. पण माशाला तो कुठून आला याने फरक पडत नाही. आधी मांजरं वेडी झाली, मग माणसं. जपान सरकारने कारण अधिकृतपणे मान्य करायला १९६८ उजाडलं. तोवर तिथेही म्हणत असतीलच कुणी, मासा तर बघा किती ताजा आहे.

हा मिथाइल पारा माशाच्या चरबीत नसतो, मांसात असतो. तेव्हा कातडी काढा, डोकं टाका, चिंचेत मुरवा, तळा किंवा काळ्या मसाल्यात रटरटवा, तो जात नाही.

एका बाबतीत मात्र विरोधकांना थोडं द्यावं लागेल. स्वीडन-नॉर्वेत आम्लाच्या पावसाने तलाव आंबट होऊन मासे संपले, तसं आपल्याकडे होणं कठीण. आपली काळी माती, बेसाल्ट आणि चुनखडी आम्ल जिरवतात, आणि अल्कधर्मी पाण्यात माशात पाराही तुलनेने कमी चढतो. आणखी एक. आपल्या तलावांत सोडतात ते कटला, रोहू, मृगल हे मासे शाकाहारी किंवा सूक्ष्म जीव खाणारे, भराभर वाढणारे, वर्ष-दीड वर्षात बाजारात जाणारे. त्यांच्यात पारा साठायला वेळच मिळत नाही. हे सगळं खरं. पण याच खऱ्यात एक मेख आहे. उद्या कुणी तपासणीचं नाटक करायचं ठरवलं तर तो बाजारातून कटला आणेल, त्यात काही सापडणार नाही, आणि "जिल्ह्यातला मासा सुरक्षित" अशी बातमी येईल. दारूबंदीची पाहणी बालवाडीच्या पोरांची तोंडं हुंगून करावी, तसं ते होईल.

तपासायची ती मरळ. आठवडी बाजारात पाटीत ओल्या गोणपाटाखाली तासन् तास जिवंत राहते ती. कारण तिला हवेतून श्वास घेता येतो. डोकं सापासारखं चपटं, अंगावर काळपट पट्टे, तोंडात दात. मासे, बेडूक, जे हाती लागेल ते गिळते. तलाव आटला तरी चिखलात टिकून राहते, म्हणून वर्षानुवर्षं जगते. चारचौघांना हातभर लांब मरळ मिळाली की आनंद होतो, किलोला भावही कटल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि बाळंतिणीला ताकद यावी म्हणून ती मुद्दाम आणणारी घरं आहेत. गर्भाच्या आणि तान्ह्या मुलाच्या मेंदूला मिथाइल पाऱ्याचा धोका सगळ्यात मोठा. ज्या घरात त्याची सगळ्यात जास्त भीती, त्याच घरात सगळ्यात वरचा शिकारी मासा औषध म्हणून जातो. वाम आणि शिंगाडाही याच रांगेतले.

"दुष्काळाचं बघा आधी." बघतोच आहे. दुष्काळ आणि हा प्रश्न वेगळे आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी तलावाचा तळ कधी नीट पाहिलेला नाही. पाणी ओसरून उघडी पडणारी आणि पुन्हा बुडणारी जमीन मिथाइल पारा तयार व्हायला पोषक असते, हे जगभरच्या धरणांवरच्या अभ्यासांतून दिसलंय. उन्हाळ्यात आटणारे आणि पावसाळ्यात भरणारे आपले तलाव म्हणजे तशा जमिनीचाच नमुना. आणि मे महिन्यात तलाव डबक्यावर आला की काय होतं? सगळं गाव तिथे लोटतं. टोपल्या, साड्या, मच्छरदाण्या, जे असेल ते घेऊन. वर्षानुवर्षं चिखलात राहिलेल्या मोठ्या मरळी त्या दिवशी बाहेर येतात आणि घराघरांत शिजतात. विकतचं मटण ज्यांना परवडत नाही त्यांची ती दोन दिवसांची चंगळ. "मासे खातं कोण?" या प्रश्नाचं उत्तर तिथे, त्या चिखलात गुडघाभर उभं असतं. शिवाय तराफ्यावर बसून जाळी टाकणारा भोई आणि त्याचं घर. विकला न गेलेला मासा रोज त्याच घरात खाल्ला जातो. सरासरी काढली तर धाराशिवचा माणूस महिन्याला मासा खातो तो नगण्य, कबूल. पण विष सरासरीने खाल्लं जात नाही.

उरला पैशाचा मुद्दा आणि भोयांच्या पोटाचा. आधी पैसा. कोडाईत सगळ्यात आधी वापरलं ते फुकटचं शेवाळ. मासा तर वर्षभर तलावात राहून नमुना स्वतःच गोळा करून ठेवतो. त्याच्या पाठीच्या मांसाचा काही ग्रॅमचा तुकडा बर्फात घालून पारा मोजणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचा आहे, अवकाशयान नाही. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र धाराशिवलाच आहे. तलावातल्या माशांच्या जातींची यादी, पाण्याचा सामू, विरघळलेला ऑक्सिजन हे तर मराठवाड्यात प्रबंधांचे पिढीजात विषय. त्याच तलावावर, त्याच होडीतून, आणखी एक नमुना घ्यायला कोणतं बजेट आडवं येतं? आणि भारताने २०१८ मध्ये पाऱ्याबद्दलच्या मिनामाता करारावर मान्यतेची मोहोर उमटवली आहे. त्या कराराचं एकोणिसावं कलम माशांसारख्या सजीवांतला पारा मोजत राहायला सांगतं, अगदी माशांचं नाव घेऊन. दिल्लीने दिलेला शब्द धाराशिवच्या तलावावर लागू नाही का?

भोयांच्या पोटाचा पुळका ज्यांना येतो, त्यांनी २०२० चे सुरुवातीचे महिने आठवावेत. कोंबडीतून करोना येतो अशी अफवा मोबाइलवर फिरली आणि महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांना पक्षी मातीमोल भावाने, कुठे कुठे फुकट वाटून टाकावे लागले. अफवेला पुरावा लागत नाही. उद्या कुणी 'तेरणेचा मासा विषारी' असा एक संदेश सोडला तर मत्स्यव्यवसाय संस्थेकडे दाखवायला काय आहे? आकडा असता तर दाखवता आला असता. खाद्यसुरक्षेच्या नियमांत साधारण माशासाठी पाऱ्याची मर्यादा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आहे. आमचा मासा तिच्याखाली आहे, हा घ्या अहवाल, असं म्हणता आलं असतं. वर असता तर कुठला मासा, किती मोठा, कुणी खाऊ नये एवढं सांगून बाकीचा धंदा निर्धास्त चालला असता. अमेरिकेतल्या पन्नासच्या पन्नास राज्यांत असे इशारे दिले जातात, आणि तिथली मासेमारी काही बुडालेली नाही. न मोजून भोयाचं पोट वाचत नाही. वाचते ती मोजण्याची जबाबदारी ज्यांची आहे त्यांची खुर्ची.

काही लोक शेवटी खांदे उडवतात. पारा जगभर फिरतो म्हणता ना, मग धाराशिवने काय करायचं? कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी याचंही उत्तर काढून ठेवलंय. २००१ पासून सात वर्षं त्यांनी एका प्रायोगिक तलावात ओळखू येईल असा खुणेचा पारा मुद्दाम सोडला, मग बंद केला, आणि माशांकडे लक्ष ठेवलं. पुरवठा थांबल्यावर काही वर्षांतच माशांतला तो पारा झपाट्याने उतरला. २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये ते छापून आलं. वरून येणारं थांबलं की मासा सुधारतो. पण वरून किती येतंय आणि माशात किती आहे हेच ठाऊक नसेल, तर फताटेवाडीच्या किंवा परळीच्या चिमणीसमोर कुठल्या तोंडाने उभं राहायचं? हिरवा निर्देशांक दाखवून?

तेव्हा मागणी साधी आहे. बोरी, निम्न तेरणा आणि सीना-कोळेगाव, या तीन ठिकाणी दर वर्षी पाऊस पडण्याआधी आणि पडून गेल्यावर मासे तपासा. कटला चालणार नाही. ठरावीक लांबीच्या मरळी आणि वाम घ्या, मांसातला पारा मोजा. सोबत त्या काठावरच्या झाडांचं शेवाळ आणि पहिल्या पावसाचं पाणी मोजा. आकडे मराठीत, आठवडी बाजारात मासे विकतात तिथल्या फळ्यावर लावा. शून्य आले तर मी पहिला टाळ्या वाजवीन. पण ते आकडे येईपर्यंत "आमच्याकडची हवा शुद्ध, आमचा मासा गावरान" हे वाक्य कुणाही अधिकाऱ्याने, पुढाऱ्याने आणि प्राध्यापकाने तोंडातून काढू नये, कारण ते म्हणायला लागणारा एकही आकडा त्यांच्या खिशात नाही.